विंचवाचे बिऱ्हाड

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण ज्या माणसास राहण्याचे निश्चित ठिकाण नाही अशाविषयी वापरली जाते. तिचा उगम शोधू गेल्यास तो विंचवाच्या भटकेपणात नव्हे, तर मादीच्या लेकुरवाळेपणात सापडतो. विंचवाची मादी अंडी घालीत नाही. ती पिलांनाच जन्म देते. पांढुरकी, मऊ अंगाची ही पिले जन्मल्याबरोबर आईच्या पायांवरून चढून तिच्या पाठीवर जाऊन बसतात आणि पहिली कात टाकीपर्यंत तेथून हलत नाहीत. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती खाली उतरतात व आपापल्या वाटेने जातात. पिले आईचे अंग पोखरून खातात आणि ती मरते, असा जो समज खेड्यापाड्यांतून आढळतो त्यास आधार नाही. पाठीवरील पिलांची दाटी पाहूनच तो पसरला असावा.

तेव्हा पाठीवर असते ते बिऱ्हाड नव्हे, कुटुंब होय. बिऱ्हाड वेगळे असते आणि त्याची निवड विंचू मोठ्या काटेकोरपणे करतो. कोणत्या जातीचा विंचू कोठे आढळेल हे आज पुष्कळ अंशी सांगता येते. ही माहिती केवळ प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरती महत्त्वाची आहे असे मात्र नाही. आपल्याकडील सर्वांत घातक विंचू आकाराने लहानसा असून, शेतकऱ्याचा हात जेथे रोज जातो नेमका तेथेच तो राहतो.

इंगळी आणि लाल विंचू

ग्रामीण भागात विंचवाचे साधारणपणे दोन प्रकार मानले जातात. एक काळी, दणकट इंगळी व दुसरा तांबूस रंगाचा लहान विंचू. इंगळी दहा-बारा सेंटीमीटर किंवा त्याहूनही लांब भरते. तिचे पुढचे चिमटे खेकड्याच्या नांग्यांसारखे रुंद असतात आणि ती शेपटी उगारून आली म्हणजे धीट माणूसही मागे सरतो. लाल विंचू तिच्यापुढे क्षुल्लक वाटतो. पूर्ण वाढलेला लाल विंचू बहुधा पाच ते नऊ सेंटीमीटर लांब असतो. चिमटे बारीक, काडीसारखे. रंग नारिंगी-तांबड्यापासून मळकट तपकिरीपर्यंत. नवख्या माणसाला भीती वाटते ती इंगळीची, आणि येथेच त्याची चूक होते.

विंचू भक्ष्य दोन प्रकारे मारतो, चिमट्याने चिरडून किंवा नांगीने विष टोचून. ज्या विंचवाच्या चिमट्यात बळ आहे त्याला विषाची गरज कमी पडते; ज्याचे चिमटे नाजूक आहेत तो सारा भरवसा शेपटीवर ठेवतो. म्हणून आपल्याकडील विंचवांपुरते स्थूलमानाने असे म्हणता येते की, चिमटे रुंद व शेपटी बारीक असेल तर विष सौम्य; चिमटे बारीक व शेपटी जाड असेल तर विष जहाल. इंगळीच्या दंशाने वेदना होतात, सूज येते, परंतु जिवावर बेतण्याचे प्रसंग विरळ असतात. लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः लहान मुले, दगावली आहेत. हा नियम ओळखीपुरता उपयोगी आहे. विंचवाची जात स्वतःच ठरवून दवाखान्यात न जाण्यासाठी त्याचा आधार घेऊ नये. सर्वच विंचवांना विष असते.

प्रत्येक लहान विंचू लाल विंचूच असतो, असेही नाही. झाडाच्या सालीखाली राहणारे आयसोमेट्रस वंशातील सडपातळ, ठिपकेदार विंचू, पालापाचोळ्यात व सालीखाली सापडणारे लायकस वंशातील विंचू हेही लहानच असतात व त्यांचेही चिमटे बारीक असतात. मुंबईसारख्या महानगरातील आरे दुग्ध वसाहतीच्या झाडीतून २०१० साली लायकस वंशातील एका जातीचे नव्याने वर्णन झाले आणि तिला आरेचेच नाव देण्यात आले. सह्याद्रीच्या कातळातील भेगांत राहणाऱ्या निओस्कॉर्पिऑप्स वंशातील विंचवांचे शरीर चपटे असते. दोन पत्र्यांमध्ये सरकवून ठेवावे तसे ते कपारीत बसलेले असतात. इंगळ्या जमिनीत बिळे खणतात. सारांश, ज्याला जसे घर, तसे त्याचे शरीर. लाल विंचवाचे वैशिष्ट्य असे की तो यांपैकी कोणत्याच एका घराला बांधलेला नाही, आणि त्याचा उपद्रव त्यामुळेच अधिक होतो.

नावांचा घोळ

लाल विंचवाचे शास्त्रीय वर्णन योहान ख्रिश्चन फॅब्रिशियस या डॅनिश शास्त्रज्ञाने १७९८ साली केले व त्याला 'टॅम्युलस' हे जातिनाम दिले. पुढे रेजिनाल्ड पोकॉक या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भारतातील विंचवांची तपशीलवार नोंद केली. त्यात त्याने या विंचवाचे प्रदेशानुसार प्रकार पाडले आणि त्यांपैकी एकास कोकणावरून नाव दिले. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेने १९८३ साली बी. के. टिकादर व डी. बी. बस्तवडे यांचा विंचवांवरील खंड प्रकाशित केला. भारतातील विंचवांचा अभ्यास करणारांस आजही तो हाताशी ठेवावा लागतो.

जवळच्या जातींच्या समूहास वंश म्हणतात. या विंचवाचा वंश मात्र वेळोवेळी बदलत गेला. जुन्या वैद्यकीय लेखांत तो 'ब्यूथस' म्हणून येतो, नंतरच्या लेखांत 'मेसोब्यूथस' म्हणून. २००७ साली चेक संशोधक फ्रान्टिशेक कोवार्झिक यांनी केलेल्या पुनर्परीक्षणानंतर त्याची गणना 'हॉटेन्टोटा' या वंशात होऊ लागली. एकच विंचू तीन नावांनी वावरतो हे माहीत नसल्यास वाचकाचा गोंधळ होतो. विज्ञानाच्या शिक्षकांनी तेवढे ध्यानात ठेवलेले बरे. हॉटेन्टोटा वंशाचा प्रसार आफ्रिकेपासून अरबस्तान, इराण, अफगाणिस्तान व पाकिस्तान या मार्गाने भारतापर्यंत आहे. याच वंशातील पश्चिम घाटातील एका नव्या जातीचे नामकरण २०१९ साली झाले, तेव्हा अभ्यासकांनी लॅटिन शब्दांच्या वाटेस न जाता तिला सरळ 'विंचू' हेच नाव दिले.

घर कसे निवडले जाते

विंचवाच्या घराच्या गरजा मोजक्या आहेत. दिवसाच्या उष्म्यापासून आडोसा, थोडा ओलावा, आणि पाठ व पोट दोन्हीकडून टेकेल अशी अरुंद जागा. शेवटची गरज विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. मोकळ्या पोकळीत विंचू स्वस्थ बसत नाही. अंगाला काहीतरी भिडलेले त्याला हवे असते. दगडाखालची फट ही त्याची मूळची जागा. परंतु घडी घातलेली गोधडी, खुंटीवर अडकवलेला सदरा, दाराआडची वहाण व रचलेल्या शेणींचा थर या सर्वच जागा त्याला दगडाच्या फटीसारख्याच वाटतात. माणसाच्या घरात तो माणसासाठी येत नाही. झुरळे, किडे व कोळी या त्याच्या भक्ष्यामागे येतो आणि फटी सापडल्या म्हणजे राहतो.

कोकणात अशा फटींना तोटा नाही. तेथील जांभा दगड मुळातच सच्छिद्र. खाणीतून काढलेले चिरे रचून घरांच्या भिंती, विहिरींचे कठडे आणि परड्यांभोवतीचे गडगे उभारले जातात. गडग्यात चुना-माती भरलेली नसते. दोन चिऱ्यांमध्ये बोटभर जागा राहतेच. वर कौले, खाली लाकडी वासे, माळ्यावर अडगळ, पडवीत लाकूडफाटा, गोठ्यामागे शेणींची रास, अंगणाच्या कडेला पेंढ्याची उडवी, बागेत नारळाच्या झावळ्या व पालापाचोळा. लाल विंचवाच्या दृष्टीने पाहिले तर कोकणातील वाडी ही एक सलग वसाहतच आहे.

त्यातच शेतीच्या कामांचे वेळापत्रक असे, की जेव्हा विंचू हालचाल करतो तेव्हाच या राशी उपसल्या जातात. थंडीत विंचू बहुधा दडून असतो. उन्हाळा तापू लागला की तो रात्री बाहेर पडू लागतो. आणि याच दिवसांत भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याकरिता शेण, कवळ व पाला यांचे थर हाताने पसरले जातात, घरे शाकारली जातात, पावसाळ्यापूर्वी सरपण घरात भरले जाते. पहिल्या पावसाचे पाणी बिळांत व फटींत शिरले म्हणजे विंचू कोरड्या जागेच्या शोधात घराकडे सरकतो. पुढे भातकापणीच्या वेळी भारे बांधताना व पेंढा रचताना पुन्हा हात त्याच्या वाटेत येतो. दंश बहुधा हातांच्या बोटांवर किंवा पावलांवर होतो यात नवल नाही. चावा घेण्यासाठी विंचू माणसाच्या मागे लागत नाही. दाबला गेला म्हणजे नांगी मारतो.

घाटमाथ्यावर व देशावर परिस्थिती थोडी वेगळी आहे. तेथे काळ्या बेसॉल्ट दगडाचे माळ, शेताच्या बांधांवर रचलेले धोंडे, पडक्या दगडी पौळी ही लाल विंचवाची ठिकाणे. हवा कोरडी असल्याने तो दगडाखाली अधिक खोल व ओलाव्याच्या जागी जाऊन बसतो. विंचवाच्या अंगावरील मेणचट कवच पाणी उडू देत नाही आणि त्याची अन्नाची गरज इतकी अल्प आहे की पोटभर खाल्ल्यावर तो दीर्घकाळ उपाशी राहू शकतो. उजाड माळरानावर इतर प्राणी तग धरीत नाहीत तेथे विंचू टिकतो, तो या काटकसरीवर.

विष शरीरात काय करते

लाल विंचवाच्या विषात अनेक लहान-मोठी प्रथिने असतात. ती मज्जातंतूंच्या पेशींवरील सूक्ष्म द्वारांवर परिणाम करतात. ही द्वारे एरवी क्षणभर उघडून मिटतात. विषामुळे ती उघडीच राहतात आणि मज्जातंतू अखंड संदेश सोडू लागतात. त्यामुळे भीती वा क्रोधाच्या प्रसंगी शरीरात जी उत्तेजक द्रव्ये अल्प प्रमाणात स्रवतात, त्यांचा पूरच रक्तात येतो. रुग्णाला दरदरून घाम फुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, पुरुष रुग्णात व लहान मुलग्यांत लिंग ताठर होते. रक्तवाहिन्या आवळल्याने रक्तदाब चढतो. एवढ्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकते, रक्त मागे साचते आणि फुफ्फुसांत पाणी भरू लागते. रुग्णाला धाप लागते, खोकला येतो, तोंडातून गुलाबी फेस येतो. येथपर्यंत मजल गेली की वेळ थोडा उरतो.

मुलांमध्ये हा धोका अधिक आहे, कारण नांगीतून येणारे विष मोठ्या माणसासाठी व मुलासाठी सारखेच असते. ते सामावून घेणारे शरीर मात्र लहान असते.

याच विषातील एक प्रथिन १९९० साली वेगळे करण्यात आले. पेशींतील पोटॅशियमच्या एका विशिष्ट मार्गास ते इतक्या नेमकेपणाने अडवते की शरीरविज्ञानाच्या प्रयोगशाळांत ते आज जगभर संशोधनाचे साधन म्हणून वापरले जाते. गोठ्यामागच्या शेणीखाली राहणाऱ्या प्राण्याची ही ख्याती त्या शेणी थापणाऱ्यांच्या कानी सहसा गेलेली नसते.

बिरवाडीचा दवाखाना

लाल विंचवाच्या दंशाने फुफ्फुसांत पाणी होते याकडे १९६१ साली डॉ. मुंडले यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या नियतकालिकातून लक्ष वेधले होते. तरीही पुढील कित्येक वर्षे कोकणातील डॉक्टरांच्या हाती खात्रीचा उपाय नव्हता. वेदनाशामके, ॲट्रोपिन, स्टेरॉइड, ॲलर्जीविरोधी औषधे असे जे उपलब्ध असेल ते दिले जाई. गंभीर लक्षणे दिसू लागलेल्या रुग्णांपैकी शंभरात तीस किंवा त्याहून अधिक दगावत.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर हे तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील महाड तालुक्यात बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाचे रुग्ण दाखल झाले की त्यांच्याजवळ बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची नोंद ते ठेवू लागले. कोणत्या लक्षणानंतर कोणते लक्षण येते, याचा क्रम या नोंदींवरून उलगडत गेला. उलट्या, घाम, गार हातपाय व लिंगाचा ताठरपणा ही पुढील संकटाची पूर्वसूचना होय, हा त्यांचा निष्कर्ष १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रोगाचे मूळ आवळलेल्या रक्तवाहिन्यांत आहे, तर त्या सैल करणारे औषध का देऊ नये, हा पुढचा विचार. प्रथम सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरण्यात आले. ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यावे लागते व रक्तदाबावर सतत नजर ठेवावी लागते. लहान केंद्रात हे अवघड होते. त्यानंतर प्राझोसिन या, रक्तदाबावर देण्यात येणाऱ्या साध्या गोळीचा उपयोग करण्यात आला आणि १९८६ साली त्याविषयीचा लेखही 'लॅन्सेट'मध्ये आला.

गोळी तोंडाने देता येते, स्वस्त आहे आणि तालुक्याच्या गावापासून दूर असलेल्या केंद्रातही ठेवता येते. प्राझोसिन वेळेवर मिळालेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण शंभरात चारांहून खाली आले. पुढे हाफकिन संस्थेच्या औषधनिर्मिती महामंडळाने लाल विंचवाच्या विषावर प्रतिविष तयार केले. प्राझोसिन विषाच्या परिणामांना आवर घालते, तर प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषालाच निष्प्रभ करते. दोन्ही एकत्र दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, हे डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाड येथे ७० रुग्णांवर केलेल्या व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०२२ साली पद्मश्री देण्यात आली.

या साऱ्या उपचारांची एक अट आहे, वेळ. फुफ्फुसांत पाणी भरण्यापूर्वी रुग्ण केंद्रात पोहोचला पाहिजे. प्राझोसिनने रक्तदाब उतरतो, म्हणून रुग्णास निजवून ठेवावे लागते व मात्रा त्याच्या वजनाप्रमाणे ठरवावी लागते. ही गोळी घरी आणून ठेवण्याची व मनाने देण्याची नाही.

मंत्राला गुण का येतो

विंचू उतरवणारा मांत्रिक ज्या गावी नाही असे गाव पूर्वी विरळा. त्याला गुण येतो असे शपथेवर सांगणारी माणसे खोटे बोलत नसतात. विंचूदंशाच्या बहुसंख्य रुग्णांत वेदना हीच मुख्य तक्रार असते व ती काही तासांनी आपोआप ओसरते. दंश सौम्य जातीच्या विंचवाचा असेल, किंवा लाल विंचवाचाच असून विष थोडे गेले असेल, तर मंत्राने, पाल्याने, चुन्याने अथवा कशानेच काही न करताही माणूस सकाळी कामावर जातो. गुण ज्याच्या-त्याच्या पदरात पडतो.

खरी फसगत वेदनेबाबत होते. ठणका जबर असला म्हणजे विष अधिक, असे सर्वसामान्यपणे मानले जाते. प्रत्यक्षात विष अंगभर पसरलेल्या काही रुग्णांना दंशाच्या जागी फारशा वेदना नसतात. मूल रडायचे थांबते, घामाने भिजते व थंड पडते. घरच्यांना वाटते, विंचू उतरला. वस्तुतः तो क्षण धावपळ करण्याचा असतो.

दंशाची जागा कापणे, चोखणे किंवा वर दोरी आवळणे यांचा उपयोग नाही. त्यामुळे अपायच होतो. मधमाशीप्रमाणे विंचवाची नांगी अंगात तुटून राहत नाही, त्यामुळे काढण्यासारखे काही नसते. रुग्णास धीर द्यावा, चालवू नये आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर दूरध्वनी केल्यास रुग्णवाहिका मिळते. विंचू मारला गेला असेल तर तो काडेपेटीत किंवा बरणीत घालून सोबत न्यावा, मात्र त्याचा शोध घेण्यात वेळ दवडू नये. लक्षणे सौम्य वाटली तरी निदान एक दिवस रुग्ण वैद्यकीय देखरेखीखाली असणे हितावह असते.

प्रदेश बदलला की विषही बदलते

पोकॉकने १९०० साली कोकणच्या विंचवाला वेगळा प्रकार मानले होते. पुढील अभ्यासकांनी ती विभागणी मोडीत काढली, कारण बाह्य शरीरात पुरेसा भेद दिसेना. परंतु कोकणातील व दख्खनच्या पठारावरील लाल विंचवांच्या विषांची तुलना २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांतील प्रथिनांची घडण सारखी नसल्याचे आढळले. म्हणजे दमट किनाऱ्यावरील जांभ्याच्या घरात राहणारा व कोरड्या माळावरील काळ्या दगडाखाली राहणारा, हे दोघे एकाच जातीचे असून विषाच्या बाबतीत एकसारखे नाहीत. एका भागातील विंचवांपासून तयार झालेले प्रतिविष दुसऱ्या भागात तितकेच लागू पडेल का, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो.

काळ्या दगडाचा हा प्रदेश महाराष्ट्राच्या सीमेपाशी संपत नाही. सातपुडा व नर्मदा ओलांडून तो मध्य प्रदेशात माळव्याच्या पठारावर पसरलेला आहे. मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जेथे राहत आली आहेत ती धार, देवास व इंदूर ही शहरे याच दगडावर वसली आहेत. इंदूरहून बैतूलकडे जाणारा रस्ता विंध्याचा घाट उतरून देवास जिल्ह्यातील कन्नौदला येतो व पुढे खातेगाववरून नेमावर येथे नर्मदेला भिडतो. वर पठार, मध्ये घाटाचा जंगली उतार, खाली नदीकाठची सपाट शेतजमीन; पन्नास-साठ किलोमीटरांत घरे बदलत जावीत असा हा टापू आहे. नर्मदेच्याच खोऱ्यात, बरेच पूर्वेला, जबलपूर येथील विंचवांवरून २००७ साली हॉटेन्टोटा वंशातील एक वेगळी जात निश्चित करण्यात आली व तिला त्या शहराचे नाव मिळाले. लाल विंचवाचे भाऊबंद एवढ्या जवळ असताना मधल्या प्रदेशातील विंचवांचे बारकाईने सर्वेक्षण होणे अगत्याचे आहे. त्याची गरज अभ्यासकांइतकीच तेथील आरोग्य केंद्रांनाही आहे. समोरच्या रुग्णाला कोणत्या विंचवाने दंश केला हे डॉक्टरास ठाऊक असेल, तर पुढील बारा तासांत कशावर लक्ष ठेवायचे हेही त्याला कळते.

याबाबत गावातील शाळा पुष्कळ साहाय्य करू शकते. दंश कोणत्या महिन्यात झाला, कोणते काम करीत असता झाला, घरात की शेतात, दगडाखाली की सरपणात, एवढे चार रकाने आखलेली वही एखाद्या शिक्षकाने तीन-चार वर्षे चालविली तर त्या गावचा विंचू कोठे राहतो हे नकाशासारखे स्पष्ट होईल.

घराभोवतीची व्यवस्था

विंचू समूळ नाहीसे करणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. तो झुरळे व किडे खातो, आणि घुबडे, पाली, मुंगूस व कोंबड्या त्याला खातात. त्याचे घर आपल्या घरापासून दूर सरकविणे हेच करण्याजोगे आहे. सरपण व शेणी भिंतीला टेकवून न रचता थोड्या अंतरावर, जमिनीपासून उंच फळीवर ठेवाव्यात. भिंतीच्या भेगा व उंबऱ्याखालची फट बुजवावी. गडगा घरापासून जितका दूर तितका चांगला. अंथरूण झटकून घालणे, वहाणा आपटून पायात घालणे, रात्री अंगणात जाताना पायात काहीतरी असणे व हातात उजेड असणे या जुन्याच सवयी आहेत. मुलांना जमिनीवर निजविण्याऐवजी खाटेवर निजवावे व खाट भिंतीपासून सुटी ठेवावी. पेंढा वा पाला उपसताना आधी काठीने हलवावा, मग हात घालावा. जाड हातमोजे परवडत असतील तर उत्तमच. परंतु पेंढ्याच्या कामात हातमोजे घालून कोणी फार वेळ टिकत नाही, हेही खरे.

अलीकडे एक सोपे साधन हाती आले आहे. विंचवाच्या कवचातील काही द्रव्यांमुळे अतिनील किरणांत त्याचे अंग हिरवट-निळे चमकते. अशा किरणांची लहान बॅटरी आता बाजारात मिळते. अंधार पडल्यावर ती गडग्यावरून, शेणींच्या राशीवरून व पडवीच्या कोपऱ्यांतून फिरविली असता, दिवसा पाच माणसांना न दिसलेला विंचू दहा पावलांवरून दिसतो. या किरणांकडे डोळ्यांनी थेट पाहू नये. मात्र बॅटरीने फक्त बाहेर आलेला विंचू दिसतो, फटीत बसलेला दिसत नाही. नुकतीच कात टाकलेल्या विंचवाचे व आईच्या पाठीवर असलेल्या कोवळ्या पिलांचे अंगही असे चमकत नाही. त्यामुळे प्रकाशात काही दिसले नाही एवढ्यावरून जागा निर्धोक समजून तेथे हात घालता येत नाही.